नानाच्या रानातले चारशे मीटर

ऑलिंपिकहून परतलेल्या आम्रपालीचे दिल्ली-मुंबईचे सत्कार उरकेपर्यंत इकडे सोयाबीन काढणीला आलं. घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं डोक्यावर भारा घेतला. अंगात देशाचं नाव छापलेला बनियन होता. घाम चांगला पितो म्हणून रानात तोच बरा. पुढं बाप निवृत्ती, मधे ती आणि मागं उजवा पाय ओढत आई सिंधुबाई. ओढ्यात उतरायचं, गुडघाभर पाण्यात पायानं दगड चाचपायचे, पलीकडं निघून गायरानाचा चढ चढायचा आणि वळसा घेऊन सडकेला यायचं. अडीच किलोमीटर. तिथं नेकनूरचे पाशाभाई मळणीयंत्र लावून सकाळपासून विड्या ओढत बसले होते.

खरं म्हणजे निवृत्तीच्या रानात उभं राहिलं की सडक दिसते. चारशे मीटर, त्याहून जास्त नाही. मधे उत्तरेश्वर नानाचं आठ एकराचं वावर. निवृत्तीच्या पूर्वजांना गावकीच्या कामाबद्दल मिळालेलं हाडोळ्याचं अडीच एकर रान त्या वावराच्या पाठीमागं, आणि नानाच्या बांधानं तिथं जायला गाडीवाट होती. निवृत्तीच्या आज्यानं त्याच वाटेनं गाडी हाकली होती. तेरा वर्षांपूर्वी नानानं दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या लावल्या आणि मधली वाट नांगरून वावरात घेतली. कारण कोणी विचारलं नाही. नानाला कारण लागत नाही, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

भारा टाकून सिंधुबाई खाली बसली तेव्हा पाशाभाई म्हणाले, "वैनी, हितून तर दिसायलं तुमचं रान. मशीन तिकडं नेलं की अर्ध्या दिवसाचं काम. असं डोक्यावर आनून चार दिवस जायचे."

"मग न्या की. काट्या दिसंनात का तुमाला?"

"काट्या बी दिसत्यात आन् नाना बी दिसतो."

निवृत्ती हसला. त्याला कुठंही हसू येतं. हसून वेळ मारून न्यायची सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की कधीकधी एकटा असतानाही तो हसायचा. सिंधुबाई हसली नाही. तिनं खुब्यावर हात दाबून धरला आणि उठली.

त्या खुब्याची हकिगत सांगायला पाहिजे. काट्या लावल्या त्याच वर्षी, असंच सुगीत, भारा डोक्यावर घेऊन ती काटीवरनं पलीकडं पाय टाकायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. आरडाओरडा ऐकून नानाचा सालगडी सटवा आला आणि काटीपलीकडं उभा राहिला. निवृत्ती म्हणाला, तेवढी काटी बाजूला घे, हिला सडकेला नेऊ दे. सटवा म्हणाला, "नानाला इचारल्याबिगर काटी काढता येत न्हाई." नाना बीडला गेलेला. मग अकरा वर्षांची आम्रपाली ओढ्याच्या वळशानं गावाकडं सुटली, जीप घेऊन आली. जीप सडकेला काटीपाशी उभी राहिली, आणि सिंधुबाईला बाजेवर घालून चौघांनी ओढ्यातनं फिरवून आणलं. दीड तास लागला. बाजेवरून तिला पूर्ण वेळ ती जीप दिसत होती.

आम्रपालीची ती पहिली शर्यत. त्यानंतर ती त्याच वाटेनं रोज भाकरी घेऊन रानात पळायची. माय घरी पडून, बाप रानात एकटा, आणि शाळेची घंटा व्हायच्या आत परत यायचं. शाळेतल्या मास्तरांनी ते पाहिलं आणि तिला जिल्ह्याच्या स्पर्धेला नेलं. तिथं अनवाणी पळून ती तीन हजार मीटरला पहिली आली. मग बीडचं वसतिगृह, मग रेल्वेत नोकरी, मग शिबिरं, मग देशात दहा हजार मीटरला दुसरी, पुढच्या वर्षी पहिली. ऑलिंपिकला पंचविसांत एकोणिसावी आली. पहिल्या आलेल्या बाईनं तिला एक अख्खी फेरी मागं टाकलं. अठराव्या फेरीला पोटात अशी कळ आली की बसावंसं वाटलं. त्या वेळी तिला देश आठवला नाही, झेंडा आठवला नाही. काटीपलीकडं उभा सटवा आठवला, आणि ती पळत राहिली. वर्तमानपत्रवाल्यांना तिनं वेगळंच काहीतरी सांगितलं.

संध्याकाळी गावात सत्कार होता. शाळेच्या मैदानात मांडव, कमानीवर तिच्या फोटोच्या दुप्पट मोठा नानाचा फोटो. नाना उपसरपंच. सरपंच वत्सलाबाई, पण त्यांनी खुर्चीवर बसायचं आणि नानांनी बोलायचं, असा रिवाज पडलेला. येत्या निवडणुकीत नानाला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, म्हणून जिल्ह्याहून पक्षाचे मोठे साहेबही आणले होते.

नानानं आम्रपालीच्या खांद्यावर शाल टाकली, निवृत्तीला फेटा बांधला आणि माईक हातात घेतला.

"लोक मला इचारतात, नाना, तुमच्या गावात ना मैदान ना कोच, मग ही पोरगी पळायला शिकली कुठं? आज सांगतो. म्या शिकवली. म्या वाटंला काटी घातली म्हनून पोरगी ओढ्याच्या वळशानं पळायली. काटी नसती तर बसली असती गाडीत पाय हालवत. तवा खरा कोच कोन? मीच की."

मांडव हसला. साहेब हसले, वत्सलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. आणि फेटा बांधलेला निवृत्तीही हसला, मान हलवत, जणू काय आपल्या घरचीच गंमत सांगतायत. बायकांत बसलेल्या सिंधुबाईनं नानाकडं पाहिलं नाही. ती नवऱ्याकडं पाहत होती.

माईक ओढून घ्यावा आणि सगळ्यांसमोर त्या बाजेची गोष्ट सांगावी, असं आम्रपालीला वाटलं. पण तिनं ओठ घट्ट मिटले. दहा हजार मीटर पळणाऱ्याला एक गोष्ट आधी शिकवतात. पुढं घुसायची घाई करायची नाही. वीस फेऱ्या कोणाच्या तरी पाठोपाठ राहायचं, समोरचा वारा त्याला खाऊ द्यायचा. पुढं पळणाऱ्याला वाटत असतं आपणच जिंकतोय.

नानानं शेवटी जाहीर केलं की आपल्या वाढदिवसाला दरवर्षी 'आम्रपाली दौड' होणार. पाच किलोमीटर. यंदाची बारा ऑक्टोबरला. साहेब झेंडी दाखवायला येणार. टाळ्या पडल्या. मागून एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "एकोनिसावा नंबर म्हंजी मेडल न्हाईच की." दुसरा म्हणाला, "न्हाई. पन गेलती तर खरी."

घरी आल्यावर निवृत्तीनं फेटा जपून खुंटीला अडकवला. सिंधुबाई चुलीपुढं बसून होती. तिनं चूल पेटवलेली नव्हती.

"तुमी हसलाव," ती म्हणाली.

"आता समदेच हसायले तर..."

"माझं हाड मोडलं आन् तुमी हसलाव."

निवृत्तीनं खाली पाहिलं. आता मात्र त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, "साहेबाला मागून घ्यायचा का रस्ता? पोरीचा शबुद मोडनार न्हाईत ते."

"मी बोलले त्यांच्याशी, खाली उतरल्यावर," आम्रपाली म्हणाली. "तहसीलला फोन लावला त्यांनी. जुनी केस हाय, मुदतीत दावा न घातल्यानं फेटाळलेली हाय, म्हनले. नवीन अर्ज द्या, बघू."

मुदत म्हटल्याबरोबर निवृत्तीचं तोंड उतरलं. ती चूक त्याची होती. खुबा मोडला तेव्हा तो दावा घालायला निघालाच होता. त्या आठवड्यात नाना स्वतः घरी आला, हातात मोसंब्यांची पिशवी. उंबऱ्याबाहेर खुर्चीवर बसला, चहाला नको म्हणाला, पाण्यालाही नको म्हणाला. "कोर्टकचेरी कशाला करायची, निवृत्ती. सुगी होऊ दे, रस्ता काढून देतो," म्हणाला. निवृत्तीनं मुलाहिजा धरला. सुगी झाली, मग ज्वारी निघू दे म्हणाला, मग लग्नसराई होऊ दे. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा घालायला लागतो, हे नानाला पक्कं ठाऊक होतं आणि निवृत्तीला सातव्या महिन्यात तहसीलच्या पायरीवर कळलं. मोसंब्या मात्र घरानं खाल्ल्या होत्या. सिंधुबाईनं त्यानंतर आजतागायत मोसंबीला हात लावला नाही.

"एक सांगून ठिवते," सिंधुबाई म्हणाली. "उद्यापासून एक भारा डोक्यावर घ्यायची न्हाई. राहिलेल्या सोयाबीनची रानात गंज घाला. मशीन रानात येईल तवाच मळनी."

"अगं, परतीचा पाऊस हाय अजून. गंज भिजली तर वर्साचं पीक काळं पडंल."

"पडू दे. मला रस्ता पायजे, आन् त्यो साहेबाच्या हातचा नको. त्याच्या हातचा पायजे. ज्या हातानं काटी लावली त्याच हातानं."

ती रागावली की ओरडत नसे. भाकरीच्या पिठाला पाणी घालावं तशी हळूहळू बोलायची, आणि मग ते मोडायची कोणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली बीडला गेली. शाहीन तिथं वकिली करते. तिच्या वडलांचा फळांचा गाडा. वसतिगृहाच्या दिवसांत दोघी एकाच मैदानावर पळायच्या. शाहीन आठशे मीटरची. घरच्यांनी पळणं बंद केलं तेव्हा तिनं आपले खिळ्यांचे बूट आम्रपालीला देऊन टाकले होते.

शाहीननं जुने कागद चाळले आणि म्हणाली, "सुन, हे मेलेलं मढं हाय. याला किती बी उकरलं तरी उठनार न्हाई."

"मग?"

"मग नवीन पायजे. म्हंजी असं बघ. वाट एकदा खुली झाली पायजे, लोकांनी वापरली पायजे, तुमची गाडी त्याच्यावरनं गेली पायजे. त्याच्यानंतर त्यानं परत अडवली, की ती नवी अडवनूक. मुदत तिथून नव्यानं चालू. आन् ती वाट जुनी हाय असं त्यानं स्वतः कुठं लिहून दिलं तर मग विचारूच नको. पन त्यो बेवकूफ थोडाच हाय, आपल्या हातानं वाट खोलायला."

"बेवकूफ न्हाई," आम्रपाली म्हणाली. "पुढं पळायची हौस हाय फक्त."

चार दिवसांनी ग्रामपंचायतीत दौडीची बैठक झाली. नाना मधोमध, वत्सलाबाई बाजूला, ग्रामसेवक वही घेऊन. दाराशी भिंतीला टेकून सिंधुबाई बसली होती. पोरीबरोबर आली असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. आम्रपालीनं गावाचा नकाशा पसरला. मार्ग तिनं स्वतः घड्याळ लावून पळून मोजला होता.

"शाळेपासून गायरान, मग ओढा, मग आमचं रान. साडेतीन किलोमीटर झालं. हितून परत फिरलं तर सात होतंय. बारकी पोरं दमतील, आन् जानारे-येनारे ओढ्यात धडकतील एकमेकांला. साहेबांपुढं बरं दिसनार न्हाई."

"मग दुसरीकडून काढ," नाना म्हणाला.

"दुसरीकडं समदी मोठी सडक हाय, एसटी चालू असती. पोलीस परवानगी देईनात." तिनं बोट नकाशावर नेलं आणि थांबवलं. "हे चारशे मीटर घेतलं तर सडकेच्या कडेनं शाळा गाठून बरोबर पाच भरतंय. पन हे नानाचं रान हाय. आपन कसं म्हनायचं."

खोलीतले सगळे नानाकडं पाहायला लागले. नानाच्या मनात काय चाललं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. आठ एकरातून पळणारी पोरं, रानाच्या तोंडाला बॅनर, साहेब आपल्या बांधावर उभे, फोटो. सोयाबीन निघून रान मोकळंच होतं. हरभरा पेरायला अजून अवकाश.

"माझं रान काय आन् गावाचं रान काय," तो म्हणाला. "काढा माझ्या रानातून."

"ढेकळं लई हायेत पन," आम्रपाली म्हणाली. "पाय मुरगळतील. मुरूम टाकून दबाई करावी लागंल."

"पंचायत टाकंल की मुरूम."

ग्रामसेवक चुळबुळला. नुकताच बदलून आलेला, नियमानं चालणारा माणूस. "नाना, खाजगी जमिनीत पंचायतीचा मुरूम टाकता येत नाही. रस्ता असेल तरच टाकता येतो."

स्वतःच्या खिशातून चार गाड्या मुरूम टाकणं नानाच्या जिवावर आलं. सगळा घोटाळा तिथंच झाला. सवयीनं त्यानं हात झटकला. "मग ल्ह्या की रस्ता हाय म्हनून. हुता की पहिला. निवृत्तीचा आजा गाडी न्यायचा हितून. जुना वहिवाटीचा रस्ता, दुरुस्ती करने. सूचक उत्तरेश्वर. आना, सही करतो."

ग्रामसेवकानं लिहिलं, नानानं सही केली, वत्सलाबाईंनी सही केली. आम्रपाली नकाशाची घडी घालत होती. घडी वाकडी पडली, म्हणून तिनं ती मोडली आणि पुन्हा घातली. दाराशी सिंधुबाई उठली आणि कोणाला न सांगता घरी गेली. वाटेत तिनं तीनदा थांबून श्वास घेतला. आनंद झाला होता म्हणणं बरोबर नाही. तेरा वर्षं पोटात धरलेलं काहीतरी हलायला लागलं होतं आणि ते दुखत होतं.

आठ दिवस मग नानाच्या रानात धामधूम. सटव्यानं पहारीनं बाभळीच्या काट्या उपसल्या. जुन्या काट्या मातीत रुतून बसलेल्या, त्याचे हात सोलून निघाले. ट्रॅक्टरनं ढेकळं फोडली, मुरूम पडला, रोलर फिरला. नाना स्वतः डोक्याला उपरणं गुंडाळून उभा. "अजून इकडं वडा, लेव्हल आली पायजे," म्हणत होता. सिंधुबाई आपल्या रानात सोयाबीनच्या गंजीजवळ बसून ते सगळं बघायची. निवृत्तीनं गंजीवर ताडपत्री टाकली होती, कडेनं दगड ठेवले होते.

नऊ तारखेला आभाळ भरून आलं. निवृत्ती कासावीस झाला. "अजून बी ऐक. दोन दिवसांत डोक्यावर नेऊन टाकू. पाशाभाई थांबतो म्हनलाय."

"न्हाई."

"वर्सभर काय खायचं?"

"तेरा वर्सं जे खाल्लं ते खाऊ."

दुपारी पाऊस आला. वारं असं की ताडपत्रीचा एक कोपरा उडाला. तिघंही गंजीवर चढली आणि ताडपत्रीवर पालथी पडून राहिली, हातपाय पसरून. आम्रपाली आईच्या शेजारी होती. पाण्यानं दोघींचे केस तोंडावर चिकटले होते.

"माय, पीक गेलं तर?"

"गेलं तर गेलं. तू त्या परदेशात एक फेरी मागं पडलीस तवा थांबलीस का?"

आम्रपालीला ते लागलं. आईनं ती शर्यत पाहिली आहे आणि एक फेरी मागं पडलेलं तिला समजलं आहे, हे तिला माहीत नव्हतं. घरात त्यावर कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. अर्ध्या तासानं पाऊस उघडला. गंजीच्या कडा भिजल्या, मधलं वाचलं. निवृत्ती खाली उतरून शेंगा फोडून दाताखाली चावत बसला.

बारा तारखेला साडेचारशे पोरं पळाली. शाळेची पोरं, पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं, नेकनूरच्या दहाबारा पोरी. सगळ्यांच्या पाठीवर नानाचा फोटो. नाना सडकेजवळच्या वाटेच्या तोंडाशी साहेबांना घेऊन उभा होता. पोरं त्याच्या रानातून येत होती, मुरमाची धूळ उडत होती आणि तो हात हलवत होता. सगळ्यांत मागून आम्रपाली आली, शेवटच्या पोरीच्या जोडीनं, तिचा वेग धरून. शेवटची पोरगी गेल्यावर गर्दी शाळेकडं वळणार, तेवढ्यात वाटेवर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला.

पहाटेच रानात नेऊन ठेवलेली निवृत्तीची बैलगाडी होती. फेटा बांधून निवृत्ती पुढं धुरीला बसला होता आणि गाडीमागून सिंधुबाई पायी येत होती. तिनं गाडीत बसायला नकार दिला होता. चारशे मीटर ती लंगडत, न थांबता चालत आली. शाळेतल्या पोरांना वाटलं हाही दौडीचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बीडहून आलेली शाहीन फोनवर सगळं टिपत होती, साहेबांसकट, नानासकट.

साहेब कौतुकानं म्हणाले, "अरे वा, आई का?"

नाना हसला. त्याला हसावंच लागलं. "व्हय साहेब. आमच्या आम्रपालीची माय." आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून त्यानंही वाजवल्या. सिंधुबाई त्याच्यासमोरून गेली. तिनं मान वळवली नाही, पण टाळ्या नीट ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर यायच्या आत नाना दोन गड्यांना आणि सटव्याला घेऊन रानात आला. सटव्याच्या डोक्यावर काट्यांचा फास, दोरीनं आवळलेला भारा, होता. हरभरा पेरायचा होता, आणि कालची ती बैलगाडी रात्रभर नानाच्या डोळ्यांपुढं चालत राहिली होती. सडकेच्या तोंडाशी पाशाभाईंचं मळणीयंत्र उभं होतं, पुढं वाट दाखवायला निवृत्तीची गाडी. वाटेच्या मधोमध सिंधुबाई बसली होती आणि आम्रपाली तिच्याजवळ उभी होती.

"काय गं, काल दौड झाली, आता कशाला बसलीस?" नाना म्हणाला. "उठ. टाक रे सटवा काट्या."

सटव्यानं फास खाली टाकला. एक काटी सुटून मुरमावर आडवी झाली.

सिंधुबाई उठली नाही. "लावा," ती म्हणाली. "आमी हात लावनार न्हाई. फक्त लावताना तुमीच लावा, सटवाला सांगू नका. शाहीन वकील सडकेला उभी हाय, तिला फोटू घ्यायचाय."

नानानं सडकेकडं पाहिलं. मग त्याला काहीतरी उमगायला लागलं. "फोटू कशाचा?"

"अडवनुकीचा," आम्रपाली म्हणाली. "आज तेरा तारीख. तुमी आज वाट अडवली तर आजच दावा दाखल करतो. सहा महिने कशाला, सहा घंटे पुरतील. ठरावाची नक्कल काढलीय, नाना. जुना वहिवाटीचा रस्ता, सूचक उत्तरेश्वर. खाली तुमची सही. सरकारी मुरूम पडलेला रस्ता हाय ह्यो. काल साहेबांनी झेंडी दाखवलेली दौड गेलीय त्याच्यावरनं."

नानाच्या गळ्याची शीर फुगली. "तुला म्या मोठी केली," तो म्हणाला. "गावभर बॅनर लावले तुझे. आन् तू माझ्याच रानात..."

"तुमीच कोच की," आम्रपाली म्हणाली. हे बोलताना तिला जे सुख झालं ते तिला कुठल्याच मैदानावर झालं नव्हतं. त्याची तिला लाज वाटली नाही.

"निवृत्ती," नाना गाडीकडं वळला. आवाज एकदम मऊ झाला, मोसंब्या आणल्या होत्या तेव्हा होता तसा. "घरची माणसं आपन. बस जरा, बोलू. सुगी होऊ दे तुझी, मग रीतसर..."

निवृत्तीच्या तोंडावर सवयीनं हसू यायला लागलं होतं. ते अर्ध्यावर थांबलं. त्यानं कासरा हातात गुंडाळून घेतला. "सुगी झालीय, नाना," तो म्हणाला. "मळनी राहिलीय. वाट सोडा."

नानानं सडकेकडं पाहिलं, शाहीनच्या हातातल्या फोनकडं पाहिलं. मग सटव्याला खूण केली. सटव्यानं फास गोळा करून पुन्हा डोक्यावर घेतला. सिंधुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पोरीनं पुढं केलेला हात तिनं बाजूला सारला. निवृत्तीनं बैलांना टिचकारी दिली आणि ती एकदम म्हणाली, "थांबा."

गाडी थांबली.

"ती एक काटी राहिली खाली," ती म्हणाली. "बैलाच्या पायात जाईल."

सटवा फास घेऊन वाकायला लागला. "तू न्हाई रे सटवा," सिंधुबाई म्हणाली. "तुला मालकाला इचारावं लागतं. त्यांना उचलू दे."

गडी इकडंतिकडं बघायला लागले. पाशाभाईंनी यंत्राचं इंजिन बंद केलं. सडकेवरून जाणारे दोघं सायकली धरून उभे राहिले. नाना सिंधुबाईकडं पाहत होता, ती त्याच्याकडं पाहत होती, आणि तिला घाई नव्हती. उन्हं वर आली तरी ती तिथंच उभी राहिली असती.

शेवटी नानानं धोतराचा सोगा एका हातात धरला आणि तो वाकला. काटी उचलताना त्याच्या अंगठ्यात काटा गेला. सिंधुबाईनं त्याला वाकलेला पुरता बघून घेतला, तो काटी घेऊन बांधाला सरकेपर्यंत थांबली, आणि मग नवऱ्याला म्हणाली,

"हाका आता."